रेडा बोलला, पण शुद्धिपत्राचं काय?

सिडकोत राहणाऱ्या माणसाला बीजगणिताची भीती वाटू नये, अशी सोय नगररचनाकारांनी फार पूर्वीच करून ठेवली आहे. इतर गावांत पेठा असतात, आळ्या असतात, पुरे असतात. पुरे आमच्या जुन्या शहरातही आहेत, पण सिडकोत शिरलं की फक्त 'एन'. एन-वन, एन-टू, एन-थ्री करत तो बारा-तेरापर्यंत जातो. जगभरच्या गणितात एन म्हणजे जिची किंमत कुणालाच ठाऊक नाही अशी संख्या. छत्रपती संभाजीनगरात ती रिक्षावाल्याला ठाऊक असते. "एन-नाइन नक्को साब, उधर से खाली आना पडता," असं तो म्हणतो, तेव्हा एनची किंमत ठरलेली असते. सुटायचा उरतो तो फक्त भाड्याचा प्रश्न.

मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. त्यामुळे निवृत्तीनंतर लोक मला दोनच गोष्टी विचारतात. नातवाची शिकवणी घ्याल का, ही पहिली. आणि आता हे एआय आल्यावर जगाचं काय होणार, ही दुसरी. पहिलीला मी नाही म्हणतो. दुसरी आली की मात्र खुर्ची पुढे ओढून बसतो. कारण माणसाखेरीज कुणीतरी बोलतंय, आकडेमोड करणारं यंत्र ऐन वेळी फसतंय, या प्रकारांचा आमच्या जिल्ह्याला आणि आजूबाजूच्या मुलखाला सातशे-आठशे वर्षांचा अनुभव आहे. सिलिकॉन व्हॅलीवाले अलीकडचे.

कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या अंगाला गेलं की पाटणादेवीचं रान लागतं. तिथल्या पाटणचा एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. शके ११२८, म्हणजे १२०६-०७ च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी. त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि निकुंभ वंशातल्या सोइदेवानं त्याला देणगी दिली, अशी हकिगत त्यात कोरली आहे. वरचा भाग संस्कृत आणि भारदस्त. वंशावळी, विद्वत्ता, स्तुती. देणगीच्या तपशिलाला आल्यावर लेख मराठीत उतरतो. बाजारात येणाऱ्या मालावरचा कर मठाला, घाण्यांमागे पळी-पळी तेल मठाला. आकाशातल्या ग्रहांचं गणित आणि तेलाची पळी एकाच दगडावर. हल्ली ज्याला संशोधन अनुदान म्हणतात ते हेच असावं, फरक इतकाच की तेल वेळेवर मिळत असावं.

ज्या ग्रंथांसाठी हे तेल, त्यांतला 'सिद्धान्तशिरोमणी' भास्कराचार्यांनी ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पुरा केला. 'लीलावती' हा त्याचाच एक भाग. आता 'लीलावती' उघडून पाहा. भुंग्यांच्या थव्यातला पाचवा भाग कदंबाकडे जातो, तिसरा भाग दुसऱ्या फुलाकडे, या दोहोंतल्या फरकाची तिप्पट तिसऱ्या फुलाकडे, आणि एक बिचारा दोन सुगंधांच्या मध्ये गोंधळून घिरट्या घालत राहतो; सांग, भुंगे किती? उत्तर पंधरा. अर्जुन कर्णाला मारायला बाण काढतो, काही बाणांनी कर्णाचे बाण अडवतो, काहींनी घोडे, काहींनी छत्र आणि ध्वज, एकानं शेवट. एकूण बाण किती? शंभर. खांबावरचा मोर बिळाकडे निघालेल्या सापावर झेपावतो, तेव्हा पायथागोरस नकळत मधे सापडतो. हे सगळं गणितच आहे, पण प्रत्येक उदाहरणात कुणाला तरी काहीतरी हवं आहे. भुंग्याला मध, अर्जुनाला कर्ण, मोराला साप.

आमच्या शालेय पुस्तकापर्यंत येताना भुंगे उडून गेले, मोर गेला, अर्जुन गेला; राहिला तो हौद. एक नळ तो चार तासांत भरतो, दुसरा सहा तासांत रिकामा करतो. या शहरात हे उदाहरण शिकवणं म्हणजे वर्गाला हसायचं निमित्त देणं. "सर, नळाला पाणी कोणत्या दिवशी?" मागच्या बाकावरून हमखास यायचं. पाणी आमच्याकडे पन्नासेक किलोमीटरवरच्या नाथसागरातून येतं, आणि रोज येतच नाही. तेव्हा दिलेली माहिती अपुरी आहे, हा त्या पोराचा आक्षेप गणिताच्या दृष्टीनं निर्दोष होता. मी त्याला एक गुण जास्त द्यायचो.

पण 'लीलावती'तली सगळ्यात लोकप्रिय गोष्ट 'लीलावती'त नाहीच. अकबराच्या सांगण्यावरून फैजीनं १५८७ साली या ग्रंथाचं फारसी भाषांतर केलं, त्याच्या प्रस्तावनेत ती येते. लीलावती भास्कराचार्यांची मुलगी. तिच्या पत्रिकेत लग्नयोग नाही. बापानं गणित करकरून एक क्षण शोधून काढला, त्याच क्षणी लग्न लागलं तर जमेल. घंगाळात पाणी, पाण्यात तळाला भोक असलेली वाटी. वाटी बुडाली की घटका भरली. मुलगी कौतुकानं वाकून पाहायला गेली, अंगावरचा एक मोती सुटून वाटीत पडला आणि नेमका भोकात बसला. पाणी आत येईना, वाटी बुडेना, मुहूर्त निघून गेला. मग बापानं म्हणे तिच्या नावानं ग्रंथ लिहिला. भास्कराचार्यांनी स्वतः यातला एक शब्दही लिहिलेला नाही. म्हणजे गणिताच्या ग्रंथाला चारशेहून अधिक वर्षांनी कुणीतरी एक कल्पित कथा जोडली, आणि आज दहा जणांना विचारलंत तर नऊ जणांना कथाच ठाऊक असते, भुंगे कुणालाच नाहीत.

१९४७ च्या सप्टेंबरात हार्वर्डच्या मार्क टू या संगणकाच्या रिलेत एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटपट्टीनं चिकटवून ठेवला, आणि संगणकातला 'बग' म्हणून आजवर तो किडा मिरवतो आहे. त्यांच्याकडे किडा, आपल्याकडे मोती. घराण्याचा फरक म्हणायचा आणि पुढे जायचं. माझं लक्ष मात्र यंत्राकडे नसतं, मांडवाकडे असतं. वाटी बुडत नाही हे कळायला किती वेळ गेला असेल? पहिल्यांदा कोण कुजबुजलं असेल? मुलाकडची मंडळी उठून निघाली की जेवून निघाली? फैजीनं हे लिहिलं नाही. मराठी बाईनं गोष्ट सांगितली असती तर जेवणापासूनच सुरुवात केली असती.

पैठणची गोष्ट अशी अर्धवट सांगितलेली नाही. म्हणूनच ती मला जगातल्या पहिल्या काही उत्तम विज्ञानकथांपैकी एक वाटते. भाविकांनी रागावू नये, मी कौतुकानंच म्हणतो आहे. संन्याशाची मुलं म्हणून आळंदीनं वाळीत टाकलेली ज्ञानदेवांसह चार भावंडं पैठणला आली. कशासाठी? चमत्कार दाखवायला नाही. शुद्धिपत्र आणायला. आळंदीच्या ब्रह्मवृंदानं सांगितलं होतं, पैठणहून दाखला आणा, मग बघू. गोष्टीचा पाया हा असा कागदी आहे. पुढचं सगळ्यांना पाठ आहे: सर्वांच्या ठायी एकच आत्मा असं हा पोरगा म्हणतो, तर समोरून पखाल घेऊन चाललेल्या त्या रेड्याचं नावही ज्ञानाच आहे, पैठणची मंडळी म्हणाली. मग नागघाटावर रेड्याच्या मस्तकावर हात, आणि रेड्याच्या तोंडून वेद.

१९८० साली जॉन सर्ल नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञानं एक कोडं मांडलं. एका बंद खोलीत एक माणूस बसला आहे. त्याला चिनी अजिबात येत नाही. दारातल्या फटीतून चिनी चिठ्ठ्या येतात, तो नियमांच्या पुस्तकात बघून योग्य त्या खुणा काढून चिठ्ठ्या परत सरकवतो. बाहेरच्याला वाटतं, आत चिनी विद्वान बसला आहे. त्याला चिनी कळतं असं म्हणायचं का? या एका प्रश्नावर तत्त्वज्ञांनी चाळीसहून अधिक वर्षं काढली. आजचं एआयही चिठ्ठ्याच सरकवतं. अफाट मजकूर वाचून, पुढचा शब्द कोणता येण्याची शक्यता जास्त, याचा अंदाज करत वाक्य पुरं करतं. मग त्याला कळतं का? आणि रेड्याला वेद कळत होते का?

पैठणच्या गोष्टीचं शहाणपण असं की हा प्रश्न तिथं कुणी विचारतच नाही. सातशे वर्षांत कीर्तनकारांनी रेड्याच्या मनात डोकावायचा मोह टाळला आहे. त्यांची नजर घाटावर उभ्या असलेल्या मंडळींवर असते. ज्यांनी आयुष्यभर पाठांतरावर मान मिळवला, त्यांच्यासमोर पखाल वाहणारं जनावर तेच पाठांतर करून दाखवतं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्याचं काय होतं? हा प्रश्न आहे. पाढे पाठ असण्यावर ज्याची गावात पत होती अशा माझ्यासारख्या मास्तराला तो प्रश्न जरा जवळून लागतो, पण ते असो. आणि शेवटी काय झालं? परंपरा सांगते, शुद्धिपत्र मिळालं. रेड्यानं वेद म्हटले तरी काम कागदावरच झालं. कुणी असं म्हटलं नाही की, अहो, आता कागद कशाला, रेडा बोलला की!

तो रेडा पुढं भावंडांसोबत निघाला आणि जुन्नर तालुक्यात आळे गावी त्यानं देह ठेवला. तिथं त्याची समाधी आहे, यात्रा भरते. लोक एआयला पर्वताएवढे सर्व्हर देतात, वीज देतात, थंड ठेवायला पाणी देतात, पण समाधी बांधण्याइतकी माया अजून कुणी लावलेली दिसत नाही. तसं मायेचं सांगता येत नाही म्हणा. १९६६ साली अमेरिकेत एमआयटीत जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाचा छोटासा प्रोग्रॅम केला. समोरच्याचंच वाक्य उलटं करून त्याला प्रश्न म्हणून परत विचारायचं, एवढीच त्याची अक्कल. हे गुपित त्यांच्या सेक्रेटरीला ठाऊक होतं. तरी थोडा वेळ त्या यंत्राशी बोलल्यावर ती त्यांना म्हणाली, तुम्ही जरा खोलीबाहेर जाता का? यात यंत्राचं कौतुक कुणाला करायचं ते करो. माझं मन त्या बाईपाशी थांबतं. तिला बोलायला दुसरं कुणी नव्हतं का?

योगायोगानं त्याच १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. पुढे परिषदेनं विज्ञानकथांची स्पर्धा सुरू केली, आणि १९७४ साली त्या स्पर्धेला 'कृष्णविवर' नावाची एक कथा आली. लेखक: नारायण विनायक जगताप. पहिलं बक्षीस मिळालं आणि मग उलगडा झाला की जगताप वगैरे कुणी नाहीत. जयंत विष्णू नारळीकरांनी स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून हे गृहस्थ तयार केले होते. परीक्षकांनी नाव पाहून गुण देऊ नयेत म्हणून. अक्षर ओळखू येऊ नये यासाठी कथेची प्रत पत्नी मंगलाताईंनी करून दिली होती, आणि मंगलाताई स्वतः गणितज्ञ. १९५० साली ॲलन ट्युरिंग यांनी यंत्र आणि माणूस ओळखण्याची कसोटी सुचवली, तेव्हा त्यांनीही उत्तरं टंकलिखित असावीत असं म्हटलं होतं, आवाजावरून वा अक्षरावरून कळू नये म्हणून. ट्युरिंगना यंत्र माणूस म्हणून खपतं का ते बघायचं होतं. नारळीकरांना शास्त्रज्ञ लेखक म्हणून खपतो का ते. दुसरी परीक्षा जास्त अवघड. मराठीत तर फारच.

नारळीकरांच्या कथांमध्ये विज्ञान चोख असतं, त्याबद्दल मी काय बोलावं. 'उजव्या सोंडेचा गणपती' मी वर्गात कितीदा वापरली आहे. मोबियसच्या पट्टीला एकच बाजू असते हे फळ्यावर सांगून मुलांना पटत नाही. उजव्या हातानं गोलंदाजी करणारा माणूस अचानक डावखुरा होऊन विकेटी काढू लागला की लगेच पटतं. 'वामन परत न आला'मध्ये तर आजचं अख्खं एआय प्रकरण आलेलं आहे. जमिनीखाली गाडलेल्या एका पेटीतून प्राचीन, पुढारलेल्या संस्कृतीचं ज्ञान बाहेर येतं, त्यावरून विचार करणारा यंत्रमानव तयार होतो, आणि त्याला हवं असतं ते एकच, आपल्यासारखे आणखी. भुंग्याला मध, वामनाला वामन.

पण मला विचाराल तर नारळीकरांची सगळ्यात धाडसी वैज्ञानिक कल्पना 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर अशा एका जगात जाऊन पडतात, जिथं पानिपतच्या लढाईत मराठे जिंकलेले आहेत. लोक याच कल्पनेवर थक्क होतात. मी तिथं थक्क होत नाही; पानिपत आपण जिंकलो असतो हे प्रत्येक मराठी माणसाला मनातून ठाऊक असतंच. मी थक्क होतो तो त्या जगातल्या आझाद मैदानावरच्या व्याख्यानात. व्याख्यान चालू आहे, आणि व्यासपीठावरची अध्यक्षांची खुर्ची रिकामी आहे. गंगाधरपंत सवयीनं, कर्तव्यबुद्धीनं जाऊन तिच्यावर बसतात आणि श्रोते खवळतात. अध्यक्षांची भाषणं, प्रास्ताविकं, आभार यांना तिथले लोक कंटाळले आहेत. खुर्ची नुसती शोभेपुरती ठेवतात. अध्यक्षांशिवाय मराठी सभा! कालप्रवास, समांतर विश्वं, कृष्णविवरं हे सगळं एक वेळ मान्य करू. पण सत्काराच्या शाली नाहीत, 'वेळेअभावी दोनच शब्द' म्हणून पाऊण तास नाही, असं विश्व कोणत्या समीकरणातून निघतं ते त्यांनी सांगायला हवं होतं.

आणि मग पाहा गंमत. नाशिकला २०२१ च्या डिसेंबरात चौऱ्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष: जयंत नारळीकर. प्रकृतीमुळे ते प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत. मांडव होता, स्वागत होतं, ग्रंथदिंडी होती, आणि अध्यक्ष मात्र समोर नव्हते. विज्ञानकथा खरी ठरते ती अशी, कोपऱ्यातून. चंद्रावर जायला जगानं अब्जावधी खर्चले. अध्यक्षांच्या प्रत्यक्ष हजेरीविना संमेलन मात्र मराठी माणसानं सहज पार पाडून दाखवलं. २० मे २०२५ ला नारळीकर गेले तेव्हा त्यांच्या विश्वरचनाशास्त्रावर पुष्कळ लिहून आलं. या खुर्चीबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहून ठेवतो.

मध्यंतरी आमच्या वरच्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांनी एआयकडून एक विज्ञानकथा लिहून घेतली. दिवाळी अंकाला पाठवायचा त्यांचा विचार होता. "मास्तर, गावावर लिही म्हटलं, आपल्या संभाजीनगरावर," ते म्हणाले आणि मोबाइल माझ्या हातात दिला. कथा २०७५ सालची. डॉक्टर आर्यन नावाचे शास्त्रज्ञ. (एआयचे शास्त्रज्ञ बहुधा आर्यनच असतात, का कोण जाणे.) बीबी का मकबऱ्यावर रुपेरी चांदणं. डॉक्टरांनी घडवलेला यंत्रमानव ताऱ्यांकडे बघत विचारतो, प्रेम म्हणजे काय? वेरूळच्या कैलासाला भेट, पाणचक्कीच्या काठी चिंतन. शेवटी यंत्रमानवाच्या डोळ्यातून तेलाचा एक थेंब ओघळतो आणि मानवतेचा विजय होतो.

मराठी शुद्ध होतं. माझ्या काही विद्यार्थ्यांच्या मराठीपेक्षा बरं होतं, हे कबूल. पण पाणचक्कीच्या काठी चिंतन? पाणचक्कीसारखी गोष्ट हातात असताना? डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणायचं, भिंतीवर चढवायचं, वरून पाडायचं आणि त्याच्या जोरावर बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यातल्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी धान्य दळायचं. माणसाचा हात न लागता चालणारं हे यंत्र आमच्या शहरात सतराव्या-अठराव्या शतकापासून उभं आहे. इथं गोष्ट कशाची असेल? दळणाची. जात्याची खुंटी सुटली तेव्हा हात मोकळे झालेल्या बाईनं त्या वेळात काय केलं, याची. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेडोपाडी फिरून लाखाच्या वर जात्यावरच्या ओव्या जमवल्या, कारण गिरण्या आल्या, जाती थांबली आणि गाणीही थांबू लागली. यावर हळहळायची आपल्याकडे पद्धत आहे. माझ्या आजीला मी हळहळताना पाहिलं नाही. गिरणीचा पट्टा फिरू लागला त्या दिवसापासून ती पहाटे अर्धा तास जास्त झोपायची आणि ओव्या दुपारी, शेंगा फोडताना म्हणायची. यंत्रानं माणसाचं काय केलं याचा विचार करताना मी आजीला विसरत नाही. दोन्ही बाजूंचे लोक तिला विसरतात.

"कथेत काहीतरी कमी आहे," मी वकीलसाहेबांना म्हटलं.

"काय?"

"खिडकी. त्या यंत्रमानवाला एखाद्या कचेरीच्या खिडकीशी उभा करा. त्याला काहीतरी लागलं पाहिजे. रहिवासी दाखला म्हणा, जातीचा म्हणा."

वकीलसाहेब जन्मभर कचेऱ्यांत वावरलेले. त्यांना मुद्दा तत्काळ पटला. त्यांनी एआयला तसं सांगितलं आणि काही सेकंदांत नवी कथा आली. यंत्रमानव सेवा केंद्रात जातो. खिडकीवरचा कर्मचारी स्मितहास्य करून त्याचं स्वागत करतो. पारदर्शक डिजिटल प्रणालीद्वारे तीन सेकंदांत दाखला त्याच्या हाती पडतो. यंत्रमानव कृतज्ञतेनं मान झुकवतो.

वकीलसाहेब बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मास्तर, ही मात्र खरी विज्ञानकथा झाली."

इंजिनिअरिंगला असलेली आमची नात ही चर्चा ऐकून वैतागली. तिचं म्हणणं, आबा, तुम्हाला त्याच्याशी बोलताच येत नाही. काय हवं ते सविस्तर सांगायला लागतं. मी तिला चांगदेवांचं सांगितलं. हे चांगदेव वेगळे, भास्कराचार्यांचे नातू नव्हेत. हे वाघावर बसून येणारे, चौदाशे वर्षं जगलेले. ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले आणि मायना काय लिहावा तेच सुचेना. तीर्थरूप म्हणावं तर वयानं पोर, चिरंजीव म्हणावं तर ज्ञानानं थोर. शेवटी कोरा कागदच पाठवला. आणि त्या कोऱ्या कागदाला उत्तर म्हणून पासष्ट ओव्या आल्या. "तुझ्या त्या एआयला काहीच न लिहिता पाठवून बघ," मी म्हटलं. तिनं पाहिलं. पाठवायचं बटणच उमटेना.

"बघा, मुळात तो प्रश्न नाहीच," ती म्हणाली.

पिढीचा फरक आहे. तिला प्रश्नाशिवाय उत्तर म्हणजे चूक वाटते. मला परीक्षेत कोरी उत्तरपत्रिका देणाऱ्या मुलांची आठवण झाली. चांगदेवांचं उदाहरण तेव्हा एकानंही दिलं नाही, दिलं असतं तर मी पंचाईतीत पडलो असतो.

नोव्हेंबर उजाडला की आम्हा पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी बँकेत जाऊन यादीत आपल्या नावापुढे सही केली की आपण जिवंत. सही जुळली नाही तर साहेब चष्म्यावरून बघायचे, ओळखायचे, "या मास्तर, चहा घेणार?" म्हणायचे, आणि चहा पितो म्हणजे आहे, एवढं त्यांना पुरत असे. आता ही कामगिरी घरबसल्या मोबाइलवर होते. मोबाइल चेहरा बघतो आणि डोळे मिचकवायला सांगतो. फोटो डोळे मिचकवत नाही, मेलेला माणूसही मिचकवत नाही. तर्क निर्दोष आहे, मी स्वतः याहून चांगली सिद्धता देऊ शकलो नसतो. ट्युरिंग बिचारे यंत्रानं माणसाला पटवावं म्हणून कसोटी शोधत बसले. त्यांना कल्पना नसावी की पाऊणशे वर्षांत एन-सेवनमधला एक निवृत्त मास्तर खिडकीच्या उजेडात खुर्ची टाकून, विंचरून, यंत्राला पटवत बसेल की बाबा रे, मी आहे.

नातीनं मोबाइल धरला. वकीलसाहेब आपला नंबर लागावा म्हणून तयारीनिशी येऊन बसलेले.

"आबा, हलू नका. हं, आता मिचकवा. हळू. दोन्ही डोळे आबा, एक नाही!"

"एक मिचकवला तर काय होतं?" वकीलसाहेबांनी विचारलं. कायद्याच्या माणसाला अपवाद आधी लागतो.

"हसू नका आजोबा, त्यांचा चेहरा हलतोय."

हिरवी खूण आली. मी पुढच्या नोव्हेंबरपर्यंत हयात असल्याचं मान्य झालं. स्वयंपाकघरातून ही हात पुसत आली, मोबाइल हातात घेऊन तिनं तो दाखला वरपासून खालपर्यंत वाचला, नाव बरोबर आहे ना बघितलं आणि मला परत दिला.

"खाली झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणा," ती म्हणाली. "दोन प्रती. आणि येताना कोथिंबीर."